प्लॅटर्सचा हिट्सचा अल्बम: बाबांच्या एलपीवरचा आवाज आणि सीडीवरचा आवाज वेगळा कसा?

बेतोडेकर

नमस्कार मंडळी, जुन्या इंग्लिश गाण्यांतलं मला फारसं कळत नाही, आमच्या घरात सकाळी भजनं आणि रात्री नाट्यसंगीत, तेव्हा जाणकारांनी जरा समजावून सांगा.

बाबा लग्नाआधी वास्कोला बंदरात कामाला होते आणि भाड्याने राहायचे ते बोटीवर काम करणाऱ्या एका तारवटीच्या घरी. ते अंकल बोटीवरून परतताना दरवेळी रेकॉर्डी घेऊन यायचे आणि संध्याकाळी बाल्कांवात बसून लावायचे, तिथेच बाबांचा जीव प्लॅटर्स या अमेरिकन ग्रुपवर जडला तो आजपर्यंत. खोली सोडताना अंकलनी एक एलपी बाबांना देऊन टाकली, 'एन्कोअर ऑफ गोल्डन हिट्स'. ती अजून घरात आहे पण इतके पावसाळे काढून तिच्यावर पांढरी बुरशी धरलीय आणि प्लेअर तर केव्हाच मोडीत गेला.

आता डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, फोंड्याला हॉल घेतलाय, तिथे ही गाणी वाजलीच पाहिजेत असं माझ्या मनात आहे. म्हणून पणजीतल्या एका दुकानातून प्लॅटर्सची 'बेस्ट'वाली सीडी आणली, मागे यादी बघितली तर गाणी तीच, 'ओन्ली यू', 'द ग्रेट प्रिटेंडर', 'माय प्रेअर', 'ट्वायलाइट टाइम', सगळी. गाडीत लावली. बाबा पहिलं गाणं संपेपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "हो आवाज तो न्हय रे." मला फरक कळला नाही पण बाबा असं उगाच बोलणार नाहीत. ग्रुप तोच, गाणं तेच, मग आवाज दुसरा कसा? आणि खरा अल्बम घ्यायचा तर नेमका कोणता घेऊ? जुन्या एलपीचं काही करता येईल का तेही सांगा.

रेकॉर्डवाला म्हापसा

बेतोडेकरबाब, तुमच्या बाबांचं शंभर टक्के बरोबर आहे. सीडी न बघताच सांगतो, त्यावर बहुतेक नंतर पुन्हा गायलेली गाणी आहेत.

प्लॅटर्स हा लॉस एंजेलिसचा, काळ्या गायकांचा ग्रुप, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा. ज्या पाच जणांमुळे नाव झालं ते म्हणजे टोनी विल्यम्स, डेव्हिड लिंच, पॉल रोबी, हर्ब रीड आणि एकटी बाई झोला टेलर. मुख्य आवाज टोनी विल्यम्सचा. मॅनेजर बक रॅम, 'ओन्ली यू' आणि 'ग्रेट प्रिटेंडर' ही गाणी त्यानेच लिहिली. १९५५ ते १९६० या काळात मर्क्युरी कंपनीसाठी त्यांनी जे गायलं तेच रेडिओवर गाजलं, तेच जगभर गेलं आणि तेच तुमच्या एलपीवर आहे. 'एन्कोअर ऑफ गोल्डन हिट्स' १९६० साली निघाली, १२ गाणी, त्या वेळेपर्यंतची मोठी हिट सगळी एका जागी.

आणि त्याच १९६० मध्ये टोनी विल्यम्स ग्रुप सोडून गेला. त्याच्या जागी सॉनी टर्नर आला, चांगला गायक होता, मी त्याला कमी लेखत नाही. मग ग्रुप म्युझिकॉर नावाच्या कंपनीकडे गेला आणि तिथे १९६६ नंतर नव्या गाण्यांबरोबर जुनी हिट गाणीही परत गाऊन घेतली. का, तर मूळ रेकॉर्डिंगचा हक्क मर्क्युरीकडे, नव्या कंपनीला ती विकता येणार नाहीत, पण तीच गाणी नव्याने गाऊन विकायला आडकाठी नाही. पुढे ही दुसऱ्यांदा गायलेली गाणी स्वस्त सीड्या काढणाऱ्या कंपन्यांना कमी पैशांत वापरायला मिळत गेली आणि त्यांच्या कॅसेटी, सीड्या जगभर पसरल्या. कव्हरवर फोटो पाच मूळ माणसांचा आणि आत आवाज भलत्याचाच, असं मी कितीतरी वेळा बघितलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो, गिऱ्हाईक बिचारं नाव वाचून विकत घेतं.

वर नावाचाही घोळ. बक रॅमने १९५६ मध्येच ग्रुपची कंपनी करून ठेवलेली, एकेक जण बाहेर पडला तसं प्रत्येकाने आपापले 'प्लॅटर्स' काढले, एकाच वेळी किती ग्रुप त्या नावाने गात फिरत होते त्याला हिशेब नाही. कोर्टकचेऱ्या अनेक वर्षं चालल्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने नावावरचा हर्ब रीडचा हक्क मान्य केला आणि पुढच्याच वर्षी तो वारला, त्या पाचांपैकी शेवटचा तोच उरला होता.

सीडीच्या मागे अगदी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. "मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली" अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य कुठेतरी कोपऱ्यात असतं. आणि मर्क्युरीचं नाव आहे का बघा.

सुनयना डिचोली

छान माहिती दादा. मला एक विचारायचंय, विषयाला सोडून नाही. मी आत्ता यूट्यूबवर दोनतीन गाणी ऐकली, याला रिदम अँड ब्लूज का म्हणतात? मला तर बॉलरूममधल्या जुन्या गाण्यांसारखं वाटलं, व्हायोलिनं, गोड कोरस, असं.

सासष्टीचा बास

सुनयनाबाय, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. मी उमेदीची सगळी वर्षं लग्नांच्या बँडमध्ये बास वाजवण्यात घालवली, मडगाव, कुडतरी, वेर्णा, बाणावली, कुठलाही हॉल सांगा, आणि एकही लग्न असं आठवत नाही जिथे प्लॅटर्सचं एखादं तरी गाणं वाजलं नाही, म्हणून हे हातात बसलंय.

त्यांची अर्धी हिट गाणी मुळात त्यांची नाहीतच. 'स्मोक गेट्स इन युवर आईज' हे १९३३ च्या एका ब्रॉडवे नाटकातलं, जेरोम कर्नची चाल. 'माय प्रेअर'ची चाल जॉर्जेस बुलांजे नावाच्या रुमानियन व्हायोलिनवाल्याची, त्यावर १९३९ मध्ये इंग्लिश शब्द बसवले. 'ट्वायलाइट टाइम' १९४४ चं, त्याचे शब्द बक रॅमचेच. म्हणजे तुम्हाला बॉलरूम ऐकू आलं ते खरंच आहे. पण आता पुन्हा लावा आणि गायकाकडे लक्ष देऊ नका, फक्त खाली पियानो ऐका. एका मात्रेत तीन ठोके, ट-ट-ट, ट-ट-ट, ट-ट-ट, ते थांबतच नाहीत. आणि ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतो. हे खाली जे चाललंय ते रिदम अँड ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्यांचं ठेक्याचं संगीत, थोडक्यात आर अँड बी. आईबापांच्या जमान्यातली चाल वर आणि पोरांचा ठेका खाली, म्हणून ते गोऱ्यांच्या पॉप चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीवर पण चाललं आणि काळ्यांच्या आर अँड बी चार्टवर पण. 'ओन्ली यू' आर अँड बीत एक नंबर आणि पॉपमध्ये पाचपर्यंत, 'ग्रेट प्रिटेंडर' तर १९५६ मध्ये दोन्हीकडे एक नंबर. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडे, त्या काळी हॉटेलपासून बसपर्यंत रंगावरून वेगळं बसवायचे, त्यात हे झालं हे लक्षात घ्या.

आणि गाण्याची मांडणी बघा, आपल्या भजनात बुवा पुढे आणि झील धरणारे मागे असतात ना, तसंच आहे. टोनी विल्यम्स एकटा वर चढतो, बाकीचे "ऊऊ" करत मागे राहतात, आणि जिथे तो श्वास घेतो नेमकं तिथे ते भरून काढतात. झोलाचा आवाज त्या मागच्या थरात वरची बाजू धरतो, हर्ब रीड खालची. चार पुरुषांत एक बाई असल्यामुळे तो कोरस बाकीच्या पुरुषांच्या ग्रुपांपेक्षा मऊ लागतो, आम्ही चार बाप्ये मिळून तो कितीही घोटला तरी तसा लागायचा नाही, शेवटी आमच्या कीबोर्डवाल्याची बहीण गायला आली तेव्हा कुठे जमलं.

बेतोडेकर, तुमच्या बाबांनी आवाज कसा ओळखला तेही सांगतो. 'ओन्ली यू'चा पहिला शब्द. टोनी विल्यम्स "ओ" धरतो आणि मध्येच आवाज तुटल्यासारखा, उचकी लागल्यासारखा वर उडतो, मग "न्ली" येतं. हर्ब रीड सांगायचा की गाडीत बसून तालीम चालली होती, गाडीला हिसका बसला आणि टोनीचा सूर तसा उडाला, आधी सगळे हसले आणि मग तेच ठेवलं. नंतर जे जे कोणी गायले त्या सगळ्यांनी ती जागा घेतली पण मापून घेतली, कुठे येणार ते आधी कळतं. टोनीचं ऐकताना दरवेळी वाटतं आता सूर सुटतो की काय. आमच्या बँडचा गायक जन्मभर ती जागा घोटत होता.

पेडणेकर

सगळं पटलं पण एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. हे मूळ आणि नक्कल प्रकरण आपण जरा जास्तच ताणतोय असं मला वाटतं. 'ओन्ली यू'च बघा ना, ते त्यांनी १९५४ मध्ये फेडरल नावाच्या कंपनीसाठी आधीच गायलं होतं, कंपनीला आवडलं नाही म्हणून पडून राहिलं, मर्क्युरीकडे गेल्यावर १९५५ मध्ये परत गायले आणि ते गाजलं. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतोय तेच मुळात दुसऱ्यांदा गायलेलं. मग सॉनी टर्नरने तिसऱ्यांदा गायलं तर त्याला नकली का म्हणायचं? आमच्या घरी गल्फमधून काकांनी आणलेली कॅसेट होती, आता वाटतं ती सॉनी टर्नरचीच असणार, पण मी लहानपणापासून ऐकलं ते तेच आणि मला तेच प्रिय आहे. ज्याने जे ऐकलं ते त्याच्यासाठी खरं.

रेकॉर्डवाला म्हापसा

पेडणेकर, १९५४ चा मुद्दा बरोबर आहे आणि तो तुम्ही काढलात याचा आनंद झाला. पण तोच मुद्दा माझ्या बाजूने पण जातो. दोन्ही वेळा टोनी विल्यम्सच गातोय, तरी ५४ चं ऐका, कच्चं आहे, ग्रुप चाचपडतोय, जागा सापडलेली नाही. वर्षभरात ती सापडली आणि स्टुडिओत पियानोवर स्वतः बक रॅम बसला. माणसं तीच असून एवढा फरक पडतो, मग माणूसच बदलल्यावर किती पडेल. सॉनी टर्नर ऐकायचा तर त्याची स्वतःची गाणी ऐका ना, १९६७ चं 'विथ धिस रिंग' ऐका, तिथे तो कोणाची जागा भरत नाहीय, अंगात आल्यासारखा गातो. कॅसेट प्रिय असण्याला माझी ना नाही. माझं भांडण फक्त एवढंच की कव्हरवर कोण गातंय ते मोठ्या अक्षरात लिहा.

आता खरेदीचं. एन्कोअरची जुनी एलपी अजून बाजारात फिरते, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा हडफड्याच्या शनिवारच्या नाइट मार्केटात जुन्या रेकॉर्डी घेऊन बसणारे असतात, पण बघून घ्या, उन्हात वाकलेल्या असतात, डोळ्यासमोर आडवी धरून कडेने बघायची म्हणजे वाक कळतो. सीडीच पाहिजे असेल तर मर्क्युरीनेच १९९१ मध्ये दोन सीड्यांचा 'द मॅजिक टच' नावाचा संग्रह काढलाय, त्यात टोनी विल्यम्सच्या काळातलं जवळजवळ सगळं महत्त्वाचं येतं.

मोबाइलवरून लावणार असाल तर जास्त सांभाळा. ॲपवर प्लॅटर्स शोधलं की 'ओन्ली यू' ढिगाने येतात आणि फोटो सगळ्यांवर तोच. गाण्याच्या माहितीत खाली साल आणि कंपनी बघा. पण साल कधीकधी नंतर काढलेल्या संग्रहाचं असतं, म्हणून कानाची परीक्षा सांगतो. १९५५-५६ चं रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज; स्टिरिओत दोन कानांत वेगवेगळा. इयरफोन लावा, कोरस एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात असं स्वच्छ वेगळं ऐकू आलं की ते त्या सालचं नाही, पुढे जा.

बाबांच्या एलपीच्या नंबराआधी काय अक्षरं आहेत? अमेरिकेत छापलेली असेल तर एमजी म्हणजे मोनो, एसआर म्हणजे स्टिरिओ.

बेतोडेकर

काय बोलू, एवढं सगळं इतक्या आपुलकीने लिहिलंत. बाबांना वाचून दाखवलं, ते गाडीच्या हिसक्याजवळ मला थांबवून म्हणाले परत वाच. सीडीच्या मागे भिंग घेऊन बघितलं, दादा म्हणतात तेच वाक्य आहे, बारकोडच्या खाली. आणि मर्क्युरीचं नाव कुठेच नाही. एलपीवर काळं लेबल, चांदीची अक्षरं, एमजी २०४७२.

मग ही एलपीच वाचवता आली तर? बुरशी दोन्ही बाजूंना आहे, मधे थोडी जास्त.

रेकॉर्डवाला म्हापसा

एमजी आहे म्हणजे मोनो, जपा तिला. बुरशी बहुतेक वरवरची असते, खोबणीत खोल गेलेली नसली तर निघते. मी करतो ते सांगतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं, नळाचं नको, आपल्या पाण्याचे क्षार खोबणीत बसतात. त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोनतीन थेंब. मऊ मायक्रोफायबर कापड भिजवून खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधलं लेबल कोरडं राहू दे, त्यावर पाणी गेलं की चांदीची अक्षरं जातील. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायची आणि पंख्याखाली उभी वाळवायची, उन्हात ठेवू नका, तासाभरात वाकून तवा होईल. बुरशी हात लावून पुसायच्या आधी तोंडाला रुमाल बांधा आणि घराबाहेर करा. आतला कागद फेकून द्या, बुरशीचं बी त्याच्यातच असतं, नवा घाला. नंतर उभी ठेवायची, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदलत राहायच्या.

सोबत जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डी असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. आणि त्या एलपीच्या सुईने वाजवू पण नका, त्यांची खोबण जवळजवळ तिप्पट रुंद असते, सुई तळाशी घासत जाते.

धुऊन झाली की म्हापशाला घेऊन या, माझ्याकडे प्लेअर आहे, वाजवून बघू आणि कॉम्प्युटरवर घेऊन पेनड्राइव्हमध्ये देतो. हॉलमध्ये बाबांची स्वतःचीच एलपी वाजेल.

सुनयना डिचोली

दादा हे फार छान केलंत. बेतोडेकर, कार्यक्रमात कुठलं गाणं कधी लावणार ते ठरवलं का?

सासष्टीचा बास

त्यावर मी सांगू का, हे माझं खातं. 'ग्रेट प्रिटेंडर' आणि 'स्मोक' ही दोन्ही जेवणं चालू असताना लावा, नाचाला नाही. चाल गोड आहे म्हणून लोक लावतात पण शब्द बघा, एकात माणूस एकटा पडलाय आणि सुखात असल्याचं सोंग करतोय, दुसऱ्यात प्रेमच सोडून गेलंय आणि तो अश्रूंना धुराचं निमित्त सांगतोय. ५० वर्षं संसार केलेल्या जोडप्यासमोर ती शोभत नाहीत. लोक यायला लागले की 'ट्वायलाइट टाइम'. केक कापल्यावर 'माय प्रेअर', त्यात शेवटी टोनी जो वर जातो तिथे लोक आपोआप टाळ्या वाजवतात. मग 'ओन्ली यू', त्यावर आईबाबांना उभं करा.

आईंना नाच येत नाही म्हणून त्या नको म्हणतील, ५० वर्षांवरच्या सगळ्याच आया म्हणतात. त्यांना सांगा पावलं मोजायची नाहीत, पियानोचे ते तीन ठोके ऐकायचे आणि प्रत्येक तीनाला एकदा डावीकडे एकदा उजवीकडे नुसतं झुलायचं, भजनाला टाळ धरणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आणि साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा, 'ओन्ली यू' तीन मिनिटांच्या आत संपतं, आईबाबा उभे राहून हात धरेपर्यंतच अर्धं निघून जाईल, तेव्हा पेनड्राइव्हमध्ये ते लागोपाठ दोनदा भरून घ्या.